शिमोनाच्या नावाची शाळा

झिम्बाब्वेतल्या बुलवायो शहरातून प्लमट्रीच्या रस्त्याने निघालं, की सुमारे तीस किलोमीटरवर सायरीन नावाची शाळा लागते. एका बाजूला माटोबोचे डोंगर. ग्रॅनाइटचे प्रचंड गोटे तिथे एकावर एक असे तोलून उभे आहेत, की पाहणाऱ्याला धास्ती वाटावी. शाळेच्या आवारात एक चॅपेल आहे. लांबून ती साधी बैठी इमारत दिसते. जवळ गेल्यावर लक्षात येतं, की तिच्या भिंती आतून आणि बाहेरूनही चित्रांनी भरलेल्या आहेत. चित्रांत बायबलमधले प्रसंग आहेत, पण माणसं तिथलीच, काळ्या वर्णाची. मागचे गोटे माटोबोचे, झाडंही तिथलीच. ही चित्रं शाळेतल्या मुलांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी मिळून काढलेली आहेत.

शाळेचं नाव पडलं ते कुरेनेकर, म्हणजे इंग्रजी उच्चारात ‘सायरीन’च्या, शिमोनावरून. मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत तो एखाद-दुसऱ्या ओळीपुरता येतो. वधस्तंभ वाहून थकलेल्या येशूच्या वाटेवर रोमन शिपायांनी या माणसाला धरलं आणि तो भार त्याच्या खांद्यावर दिला. कुरेने हे आजच्या लिबियातलं प्राचीन शहर, म्हणजे शिमोन आफ्रिकेतला. ज्या देशात गोऱ्यांचं राज्य होतं, जिथे १९३०च्या कायद्याने जमिनीची वाटणी वर्णानुसार झाली होती, तिथे आफ्रिकी मुलांच्या शाळेला हे नाव दिलं गेलं. ख्रिस्ताचा भार हलका करणारा पहिला माणूस तुमच्या खंडातला होता, हे पहिल्या दिवसापासून मुलांच्या कानावर पडावं, असा तो विचार होता.

शाळा उभी करणारे एडवर्ड पॅटरसन हे अँग्लिकन धर्मगुरू. जन्म १८९५चा, स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचा. वाढले दक्षिण आफ्रिकेत. पहिल्या महायुद्धात सैन्यात होते. युद्ध संपल्यावर ते लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्स या संस्थेत शिकले. या शिक्षणाकडे नीट पाहायला हवं, कारण सायरीनमधलं पुढचं बरंच काही तिथून आलं. ही संस्था १८९६ साली निघाली, ती विल्यम लेथॅबी यांच्या नेतृत्वाखाली. चित्रकार मोठा आणि सुतार धाकटा, ही उतरंड लेथॅबींना मान्य नव्हती. लाकूड, धातू, कागद, दगड यांचा स्वभाव ओळखून नेकीने केलेलं कोणतंही काम कलेत मोडतं, अशी त्या संस्थेची धारणा होती. पॅटरसन लंडनमध्ये होते त्याच काळात व्हिएन्नाच्या फ्रान्झ चिझेक यांच्या वर्गातल्या मुलांची चित्रं तिथे प्रदर्शनात लागली. चिझेक यांनी १८९७पासून मुलांसाठी वर्ग चालवला होता. मुलांची कला म्हणजे मोठ्यांच्या कलेची कच्ची आवृत्ती असं ते मानत नसत. ती स्वतंत्र गोष्ट आहे असं ते सांगत. इंग्लंडमध्ये डडली गावच्या मुलींच्या शाळेत मॅरियन रिचर्डसन या शिक्षिका १९१२पासून वेगळाच प्रयोग करत होत्या. त्या एखाद्या दृश्याचं शब्दांनी वर्णन करायच्या, मुली डोळे मिटून ऐकायच्या आणि मनात जे उभं राहील ते रंगवायच्या. फळ्यावरचा नमुना उतरवून घेण्याचा जमाना तेव्हा जगभर चालू होता. त्या जमान्यात ही फार मोठी उडी होती.

पॅटरसन दक्षिण आफ्रिकेत परतले, त्यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली आणि पीटर्सबर्गजवळच्या ग्रेस ड्यू मिशनमध्ये ते दाखल झाले. पीटर्सबर्गचं आजचं नाव पोलोक्वाने. तिथे शिक्षक घडवणारं अध्यापक विद्यालय होतं आणि लाकडी कोरीवकामाची कार्यशाळा होती. कार्यशाळेतून आसपासच्या चर्चसाठी कोरलेल्या पाट्या, वेदी, मूर्ती जात. अर्नेस्ट मँकोबा हा विद्यार्थी याच आवारात कोरीवकाम शिकला. १९२९ साली त्याने मरियेची मूर्ती घडवली आणि तिला आफ्रिकी मुलीचा चेहरा दिला. त्या काळातल्या मिशनच्या जगात हे धाडस होतं. मँकोबा पुढे १९३८ साली पॅरिसला गेला आणि युरोपातल्या कोब्रा या आधुनिक चित्रकारांच्या गटात सामील झाला. जेरार्ड सेकोटो हा दक्षिण आफ्रिकेचा मोठा चित्रकारही ग्रेस ड्यूमध्येच शिक्षक होण्याचं शिक्षण घेत होता. एका आडबाजूच्या मिशनमधून अशी दोन माणसं निघतात, तेव्हा त्या वातावरणात काहीतरी नक्की असतं.

१९३९ साली पॅटरसन दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, आले आणि १९४०च्या सुरुवातीला सायरीनचे वर्ग भरू लागले. वर्ग प्राथमिक पातळीचे. शेती, सुतारकाम, बांधकाम हे विषय होतेच. त्या काळच्या आफ्रिकी मुलांच्या शाळांत ते सरकारला आणि मिशनला दोघांनाही हवे असायचे. मुलांच्या हाताला काम शिकवायचं, डोक्याला फार ताण द्यायचा नाही, असं वसाहतींमधलं शैक्षणिक धोरण होतं. त्यामागे सोय होती: शेतावर आणि कारखान्यात राबणारे हात हवे होते, बरोबरीने बसणारी माणसं नको होती. पॅटरसन यांनी या चौकटीत आणखी एक विषय घातला. चित्रकला, आणि तीही प्रत्येकाला सक्तीची. ज्याला चित्र काढता येतं त्यानेच नव्हे, शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाने हातात ब्रश धरायचा. आफ्रिकी मुलांना असा कलेचा विषय देणारी त्या देशातली ही पहिली शाळा.

सक्ती आणि सर्जनशीलता हे दोन शब्द शेजारी ठेवले की अनेकांना खटकतं. मला पॅटरसन यांचा निर्णय पूर्ण बरोबर वाटतो. आपल्याकडच्या शाळांत काय होतं ते पाहा. पहिली-दुसरीतच दोन-तीन मुलांवर ‘हा आमचा चित्रकार’ असा शिक्का बसतो. स्नेहसंमेलनाचा पडदा, फलकलेखन, शुभेच्छापत्रं, सगळं त्यांच्याकडे जातं. उरलेली मुलं ‘आपल्याला चित्रकला येत नाही’ हे वाक्य सातव्या वर्षी शिकतात आणि सत्तराव्या वर्षापर्यंत म्हणत राहतात. मूल गणितात कच्चं असलं म्हणून आपण त्याचं गणित बंद करत नाही. चित्रकलेचा विषय ऐच्छिक ठेवला की तो हुशार हातांचा होतो. सक्तीचा केला की शिक्षकाला ज्याचे हात अडखळतात त्याचाही विचार करावा लागतो.

सायरीनमधली सॅम सोंगोची हकिकत म्हणूनच महत्त्वाची आहे. या मुलाचे पाय अधू होते. तो चाकांच्या खुर्चीतून वावरायचा. शेतीकाम आणि बांधकाम यांना महत्त्व देणाऱ्या शाळेत अशा मुलाला जागा मिळणं अवघड. सायरीनमध्ये तो रंगवायला शिकला, कोरायला शिकला आणि शाळेच्या सर्वांत नावाजलेल्या कलावंतांपैकी एक झाला. पुढे तो तिथेच शिकवूही लागला.

आता वर्गातल्या कामाकडे जवळून पाहू. ‘चांगला शोमरोनी’ हा दाखला ख्रिस्ती शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असतो. यरुशलेमहून यरीहोला निघालेला माणूस लुटारूंच्या हाती सापडतो, अर्धमेला होऊन रस्त्याकडेला पडतो. एक याजक येतो आणि बाजूने निघून जातो. लेवी येतो, तोही तसाच जातो. मग ज्याचा यहुद्यांना तिटकारा, असा शोमरोनी येतो. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेतो आणि खर्चाचे पैसे देतो. ऐकताना मूल मान डोलावतं. तात्पर्य विचारलं तर ‘शेजाऱ्यावर प्रीती करा’ हे उत्तर क्षणात येतं. ते उत्तर त्याला गोष्ट ऐकण्याआधीच माहीत असतं.

हाच दाखला रंगवायला दिला की चित्र बदलतं. रस्ता कसा आहे? उघडा माळ की दरी? लुटारू कुठे दडून बसले असतील? माटोबोच्या मुलाला उत्तर शोधावं लागत नाही: गोट्यांच्या मागे. जखमी माणूस कसा पडला आहे? उताणा की पालथा? त्याचा चेहरा दाखवायचा का? सगळ्यात अवघड प्रश्न याजकाचा. तो जखमी माणसाच्या किती जवळून जातो? त्याची नजर कुठे आहे? समोर रस्त्यावर ठेवली तर त्याने पाहिलंच नाही असं होईल. जखमी माणसाकडे ठेवली तर त्याने पाहूनही पाय उचलला, असं होईल. लूक म्हणतो की त्याने पाहिलं. तेव्हा मुलाला डोळे काढावेच लागतात आणि डोळे काढताना त्या माणसाच्या मनात काय चाललं होतं याचा विचार करावाच लागतो. दहा वर्षांचं मूल इथे जे करतं ते शास्त्राचं निरूपण आहे. तोंडी परीक्षेत ते कधीच बाहेर येत नाही.

हेच नगर जिल्ह्यातल्या एखाद्या गावच्या मिशन शाळेत करून पाहावं. तिथला शोमरोनी कोण? कुणाचा स्पर्श कुणाला चालत नव्हता, कुणी कुणाच्या हातचं पाणी घेत नव्हतं, हे ज्या गावाला अजून आठवतं, तिथे जखमेवर हात ठेवणारा माणूस रंगवणं म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगावं लागणार नाही.

सायरीनच्या मुलांची जी चित्रं आज पाहायला मिळतात, त्यांत काही गोष्टी लगेच डोळ्यांत भरतात. कागदाचा कोपरा न् कोपरा भरलेला असतो. झाड काढलं तर त्याचं पान न् पान वेगळं. दगडांवरच्या रेषा, गवताची पाती, प्राण्यांच्या अंगावरचे ठिपके, झोपड्यांचं छप्पर, सगळं नक्षीसारखं एकमेकांत गुंफलेलं. लांबचं लहान आणि जवळचं मोठं हा युरोपीय चित्रकलेचा नियम ही मुलं हवा तेव्हा पाळतात, नको तेव्हा सोडतात. डोंगर एकामागे एक न राहता एकावर एक चढत कागदाच्या माथ्यापर्यंत जातात. विषय फक्त बायबलचे नाहीत. शिकारी आहेत, गुरं आहेत, नदी आहे, गावात ऐकलेल्या गोष्टी आहेत. पॅटरसन यांचा एक नियम कडक होता: नक्कल करायची नाही. परदेशी चित्रांचे नमुने समोर ठेवायचे नाहीत. जे आपण पाहिलं आहे आणि जे मनात आहे, ते काढायचं. याच माटोबोच्या गुहांमध्ये हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी जिराफ, हरणं आणि माणसं रंगवून ठेवली आहेत. त्या प्रदेशात चित्र काढणं ही मिशनने आणलेली नवलाई नव्हती, हे विसरू नये.

नक्कल नको, हा नियम ऐकायला सोपा आहे, पाळायला फार कठीण. शिक्षकाचा हात शिवशिवतो. मुलाने काढलेला बैल कुत्र्यासारखा दिसतो, पालक येऊन पाहणार असतात, आणि एक रेघ सुधारली की काम होणार असतं. ती रेघ शिक्षकाने ओढली की बैल शिक्षकाचा होतो. त्याऐवजी मुलाला गोठ्यात पाठवावं. बैलाचं वशिंड कुठे सुरू होतं, शिंगं कानाच्या वर आहेत की पुढे, हे त्याने पाहून यावं. कला शिकवणाऱ्या शिक्षकाचं निम्मं काम पाहायला लावण्यात आहे. उरलेलं निम्मं साधनांचं: रंगात पाणी किती, ब्रश कसा धुवायचा, पटाशी लाकडाच्या रेषांच्या दिशेने कशी चालवायची. इथे मात्र शिक्षकाने अगदी कडक असावं. कल्पनेत ढवळाढवळ करायची नाही आणि हत्यारांच्या बाबतीत ढिलाई करायची नाही, हे सूत्र सांभाळणारा शिक्षक मिळाला तर प्राथमिक शाळेचं भाग्य उजळतं.

ख्रिस्ती शाळेत कलेचा विषय येतो तेव्हा एक जुना वादही सोबत येतो. दहा आज्ञांतली एक आज्ञा कोरीव मूर्ती करू नये असं सांगते. युरोपात सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर कित्येक प्रोटेस्टंट चर्चमधल्या मूर्ती काढल्या गेल्या, भिंतींवरच्या चित्रांवर चुना फिरवला गेला. मराठी मुलखात १८३१ साली अहमदनगरला ठाणं मांडणारं अमेरिकन मराठी मिशन याच साध्या भिंतींच्या परंपरेतलं. उलट वसई-गोव्यात कॅथलिक चर्चची वेदी सोन्याच्या मुलाम्याने झळाळते, आणि त्यातलं कितीतरी काम गोमंतकीय कारागिरांच्या हातचं आहे.

पण ज्या निर्गम पुस्तकात ती आज्ञा आहे, त्याच पुस्तकात अकरा अध्याय पुढे, एकतिसाव्या अध्यायात, बसालेल भेटतो. निवासमंडप उभारण्यासाठी देव मोशेला या कारागिराचं नाव सांगतो आणि आपण त्याला आपल्या आत्म्याने भरलं आहे, असं म्हणतो. सोनं, रुपं, पितळ, रत्नं, लाकूड या सगळ्यांत कल्पकतेने काम करण्यासाठी. देवाच्या आत्म्याने भरलेला असं वर्णन बायबलमध्ये इतक्या स्पष्टपणे इतक्या लवकर ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांत हा कारागीर आहे. तो राजा नाही, याजकही नाही. पुढे पस्तिसाव्या अध्यायात आणखी एक गोष्ट येते. बसालेल आणि त्याचा सोबती अहलियाब यांना दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही दिली, असं तिथे म्हटलं आहे. ख्रिस्ती शाळेतल्या कलाशिक्षकाला आपल्या विषयाचं समर्थन करायला याहून भक्कम आधार हवाच कशाला! तरीही कित्येक शाळांत पूरक गणितासाठी पहिला बळी जातो तो चित्रकलेच्या तासाचा.

मराठी ख्रिस्ती समाजाबद्दल इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणलं. देवळातल्या टाळ-मृदंगाशी नातं सांगणारी उपासना त्यामुळे शक्य झाली. कानाला ख्रिस्त मराठी झाला. भिंतीवरचा ख्रिस्त मात्र बहुतेक घरांत आणि शाळांत छापील, गोरा, सोनेरी केसांचाच राहिला. याला छेद देणारा एक मोठा चित्रकार आपल्याकडे होऊन गेला: आंजेलो दा फोन्सेका. जन्म १९०२चा, गोव्यातला. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून तो शांतिनिकेतनला गेला, आणि नंतर पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्याने मरियेला साडी नेसवली, ख्रिस्तजन्माचा प्रसंग इथल्या अंगणात आणला. गोव्यात त्याच्यावर टीका झाली. १९६७ साली पुण्यात तो वारला. त्याची बरीच चित्रं आज पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत. ग्रेस ड्यूच्या मँकोबाने आफ्रिकी मरिया कोरली आणि पुण्यात फोन्सेकाने साडीतली रंगवली, या दोन घटना एकाच काळातल्या आहेत. फरक इतकाच, की ग्रेस ड्यूत आणि सायरीनमध्ये हे काम शाळेच्या आवारात झालं. आपल्याकडे ते आश्रमात झालं आणि शाळेत पोचलंच नाही.

सायरीननंतर काही वर्षांनी, १९४८ साली, त्याच देशात सेरिमा इथे कॅथलिक मिशन सुरू झालं. ते उभारणारे फादर जॉन ग्रोबर स्वित्झर्लंडचे, धर्मगुरू होण्याआधीचे वास्तुविशारद. त्यांची रीत पॅटरसन यांच्या उलट. ते मुलांना आधी भौमितिक आकार आणि नक्षी गिरवायला लावत. मग पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या जुन्या मुखवट्यांची ओळख करून देत आणि त्यानंतर लाकडात चेहरे कोरायला देत. सेरिमाच्या चर्चचे दरवाजे, खांब, वेदी मुलांनी कोरली. त्या चेहऱ्यांना एक सारखेपणा आहे, शिस्त आहे, कधीकधी थोडा ताठपणाही. पण याच शाळेतून निकोलस मुकोम्बेरान्वा निघाला, आणि झिम्बाब्वेच्या आधुनिक दगडी शिल्पकलेतलं ते एक अग्रगण्य नाव ठरलं. म्हणजे मुलाला मोकळं सोडणं हाच एकमेव मार्ग आहे असं म्हणता येत नाही. चांगल्या परंपरेचे नमुने समोर ठेवूनही मूल फुलू शकतं. मला स्वतःला सायरीनची चित्रं अधिक जिवंत वाटतात. शिल्पकार घडवण्याच्या बाबतीत मात्र सेरिमाचं पारडं जड आहे.

आणि इथेच सायरीनच्या मर्यादेबद्दल बोलायला हवं. परदेशी चित्रं दाखवायची नाहीत, या नियमामागे मुलांचं मन स्वच्छ ठेवण्याचा हेतू होता. पण हा निर्णय कुणी घेतला? लंडनच्या कलाशाळेत शिकून आलेल्या गोऱ्या धर्मगुरूने. त्याला स्वतःला सगळं जग पाहता आलं होतं. आफ्रिकी मुलाची कला ‘आफ्रिकी’च राहावी, असं दुसऱ्याने ठरवणं हाही एक ताबाच. ग्रेस ड्यूच्या मँकोबाला आणि सेकोटोला शेवटी पॅरिसची वाट धरावी लागली, हे लक्षात ठेवावं. दक्षिण ऱ्होडेशियाच्या राजधानीत १९५७ साली राष्ट्रीय कलादालन सुरू झालं. त्याचे पहिले संचालक फ्रँक मॅकएवन यांना मिशनच्या शाळांतली कला पसंत नव्हती. गंमत म्हणजे ‘अस्सल आफ्रिकी’ काय हे ठरवण्याचा हक्क त्यांनीही स्वतःकडेच ठेवला. मुलांच्या खिडक्या बंद करणारा शिक्षक कितीही प्रेमळ असला तरी त्याने खिडक्या बंद केल्या असंच म्हणावं लागतं. प्राथमिक वर्गांत काही काळ नमुने दूर ठेवणं मला योग्य वाटतं. मुलाला आधी स्वतःचा हात सापडू दे. तो सापडल्यावर अजिंठाही दाखवावा, वारलीही दाखवावी, इटलीचा जोत्तोही दाखवावा.

पॅटरसन १९५३ साली सायरीन सोडून गेले. पुढे सॅलिसबरीत, म्हणजे आजच्या हरारेत, त्यांनी आफ्रिकी वस्त्यांतल्या मुलांसाठी कलाकेंद्रं चालवली. १९७४ साली त्यांचं निधन झालं. सायरीनच्या मुलांच्या चित्रांची प्रदर्शनं त्याआधीच परदेशांत होऊन गेली होती. त्या प्रदर्शनांतली बरीच चित्रं परतलीच नाहीत. लंडनच्या शोरडिच भागात वापरात नसलेल्या एका चर्चमध्ये ती पडून होती आणि १९७०च्या दशकात तिथे सापडली. २०२०मध्ये लंडनला त्यांचं प्रदर्शन भरलं. नंतर ती हरारेच्या राष्ट्रीय कलादालनात लागली. सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी शाळेच्या बाकावर रंगवलेले माटोबोचे गोटे अशा रीतीने मायदेशी आले.

शेवटी आपल्या शाळांकडे वळतो. वसईत, गोव्यात, मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती गावठाणांत नाताळाला गोठा करण्याची रीत आहे. कित्येक घरांत दोनेक आठवडे आधी पसरट डब्यात नाचणी किंवा गहू पेरतात. नाताळाला बोटभर हिरवी पाती उभी राहतात आणि ती गोठ्याभोवतीची शेतं होतात. डोंगराला चुरगळलेला कागद, तळ्याला आरसा, वाटेला वाळू. वाडीतली पोरं रात्र जागवून हे उभं करतात, कुणीही गुण देत नाही. त्याच मुलांना शाळेत डिसेंबरमध्ये आधीच छापलेली आकृती दिली जाते: बाळ येशू, तीन मागी, एक तारा, रेषेबाहेर रंग जाऊ देऊ नका.

शिक्षकहो, येत्या डिसेंबरात तो छापील कागद वाटू नका. लूकचा दुसरा अध्याय वर्गात सावकाश वाचा, मग प्रत्येक मुलाला कोरा कागद द्या, चित्रकला येणाऱ्याला आणि न येणाऱ्यालाही. गव्हाण कशी असते, गाय कुठे बांधतात, रात्री रानात मेंढरं राखणारे कसे बसतात, हे त्यांनाच ठरवू द्या. धनगर कुठे बसले आहेत हे विचारायला कुणी मूल तुमच्याकडे आलं, तर त्याला मेंढवाड्यावर पाठवा. आणि पेन्सिल तुमच्या खिशातच राहू द्या.